फ्रीजवर कुणी संशय घेतला नाही

आई निर्दोष सुटली. एकमताने सुटली. ज्या तिघांनी तिच्यावर आळ घेतला होता, त्या तिघांनी खाली मान घालून तिला तसं सांगितलंही.

हे वाचून झालं असेल तर आता विसरून जा. असं काही अजून घडलेलं नाही. आई अजून साखरचोर आहे, खिडकीपाशी बसून कुणाच्या तरी कोटाचं भोक बुजवते आहे, आणि तिची उपाशीपोटीची साखर तीनशे बारा आहे.

कोटाचं भोक हा तिचा व्यवसाय. आई रफूचं काम करते. कोपऱ्यावरच्या लाँड्रीतून तिच्याकडे कपडे येतात: सिगरेटने जळालेली पँट, कसरीने खाल्लेला स्वेटर, खिळ्याला अडकून फाटलेला कोट. ती त्याच कपड्याच्या आतल्या शिलाईतून धागा ओढून काढते आणि भोकावर असा विणते की ते कुठे होतं हे कपड्याच्या मालकालाही सापडू नये. चांगल्या रफूला कुणी शाबासकी देत नाही, कारण ते दिसतच नाही. आईची याबद्दल काही तक्रार नाही.

बाबा फ्रीज दुरुस्त करतात. घरांचे, दुकानांचे, हॉटेलांचे, एकदा तर शवागाराचासुद्धा केला. तिथल्या मंडळींकडून अजून तक्रार आलेली नाही. बाजारात त्यांना ‘उणेअठरा’ म्हणतात, कारण डीप फ्रीजर उणे अठराला चालला पाहिजे हे ते भेटेल त्याला सांगतात, लग्नाच्या रांगेत नवरदेवाला भेटले तरी. मी त्यांच्याच दुकानात काम करतो. फोन घेतो, पावत्या लिहितो, आणि फ्रीज गिऱ्हाइकाच्याच चुकीने बिघडला हे गिऱ्हाइकाला सौम्य शब्दांत सांगतो. दुकानाचा एक नियम आहे. दुरुस्त झालेल्या फ्रीजच्या मधल्या कप्प्यात, अगदी मागच्या भिंतीला लागून, पाण्याचा एक ग्लास ठेवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा आला असेल तरच फ्रीज दुकानाबाहेर जातो. बर्फाच्या कप्प्यात बर्फ कुणीही करतं, बाबा म्हणतात, मधल्या कप्प्यात करून दाखवा.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. ती एका भल्यामोठ्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून बावीस पडदे बघते आणि कोण काय खिशात घालतंय ते पकडते. तिच्या मते माणसं दोन प्रकारची असतात: पकडलेली आणि अजून न पकडलेली.

असं आमचं घर. त्यामुळे काही बिघडलं की यंत्रावर संशय घ्यायची आमच्यात पद्धत नाही. यंत्र बाबांनी तपासलेलं असतं. माणसं तपासायला ताई आहे.

आईला बारा वर्षांपासून मधुमेह. इतके दिवस गोळ्यांवर भागलं, आणि त्या काळात या आजारात बाबांना काही कामच नव्हतं. गोळी फळीवर राहते, तिला कुणाची गरज नसते. मग गोळ्या पुऱ्या पडेनात. डॉक्टरीणबाईंनी इन्सुलिन लिहून दिलं, आणि दवाखान्यातल्या सिस्टरने टोचायचं कसं ते शिकवताना सांगितलं की बाटल्या फ्रीजमध्ये ठेवा, फक्त बर्फात ठेवू नका. बाबा खुर्चीत सरळ होऊन बसले. बारा वर्षांनी बायकोचा आजार त्यांच्या खात्यात आला होता.

घरचा जुना फ्रीज त्यांना या कामासाठी पोरकट वाटला. तीन आठवडे खपून त्यांनी आईसाठी वेगळा फ्रीज तयार केला. कॉम्प्रेसर नवा, दाराचं रबर नवं, गॅस नवा, आणि थर्मोस्टॅटची खुंटी सातवर. सातच्या पुढे आकडा नव्हता म्हणून. स्वयंपाकघरात मांडल्यावर तो जरा डुगडुगायला लागला. एका पायाखाली सरकवायला घडीचा कागद हवा होता, तो इन्सुलिनच्या खोक्यातच निघाला: बारीक छापलेला, पुष्कळ घड्यांचा, कुणीही न वाचलेला. त्याने काम फत्ते झालं. स्पिरिट लेव्हल लावून बघितली तर बुडबुडा बरोबर मध्ये.

मग बाबांनी आईच्या बाटल्या मधल्या कप्प्यात मागच्या भिंतीला लागून रांगेने उभ्या केल्या. ती आमच्या घरातली सर्वात मानाची जागा. आईला बोलावून त्यांनी दार उघडून दाखवलं आणि लगेच लावलं.

“हे उगाच उघडायचं नाही,” ते म्हणाले. “तुझं औषध आहे आत.”

लग्नानंतर त्यांच्या तोंडून निघालेलं सर्वात प्रेमाचं वाक्य हे असावं, असं आईच्या चेहऱ्यावरून मला वाटलं.

आता तारखा बघा, कारण त्या वेळी कुणी बघितल्या नाहीत. पहिली बाटली जुन्या फ्रीजमधली. त्या तीन आठवड्यांत आईची साखर उतरत उतरत दीडशेवर आली. दुसरी बाटली नव्या फ्रीजमधली. साखर चढायला लागली. दोनशे दहा, दोनशे साठ, दोनशे ऐंशी. पण त्याच आठवड्यात आई मावशीकडे दोन दिवस राहून आली होती, आणि मावशीकडे केक होता. ताईला एवढं पुरलं.

ताईने तपास पद्धतशीर केला. साखरेच्या डब्याच्या झाकणावर तिने टाल्कम पावडर भुरभुरवली. बिस्किटांच्या पुड्याभोवती आपला एक केस गुंडाळून ठेवला. जॅमची बाटली रोज सकाळ-संध्याकाळ वजनकाट्यावर चढायची. मावशीला फोन करून तिने आडून आडून विचारलं, तेव्हा मावशीने आपल्या बहिणीच्या वतीने केकचा एक छोटा तुकडा मान्य केला. घरात मात्र काही सापडेना. पावडरीवर बोट नाही, केस जागच्या जागी, जॅम एका ग्रॅमने कमी नाही. पुरावा न सापडणं हाच ताईच्या मते मोठा पुरावा होता. आई सराईत होती.

मीही हातभार लावला. माझा हातभार नेहमी विनोदाचा असतो. मी डब्यावर चिठ्ठी चिकटवली: “आपण कॅमेऱ्याच्या नजरेत आहात. इतरांनी दुर्लक्ष करावं.” नातेवाइकांच्या ग्रुपवर मी रोज सकाळी बाजारभाव जाहीर करायचो: साखर आज दोनशे अठ्ठ्याण्णव, तेजी कायम, साठेबाजाचा शोध सुरू. तिकडून काका, आत्या, मामेबहिणी हसून हसून अंगठे वर करायच्या. आईही त्या ग्रुपवर होती. तिने कधी अंगठा वर केला नाही, पण तिला तो कसा करायचा हे माहीत नसेल असं मी धरून चाललो होतो.

डॉक्टरीणबाईंनी डोस दोनने वाढवला, मग चारने, मग आणखी चारने. आई तांबेच्या तांबे पाणी प्यायची आणि तेवढ्याच वेळा उठायची. खिडकीपाशी बसल्या बसल्या तिचा डोळा लागायचा. ब्लाउजचे खांदे ओघळायला लागले. चोरून गोड खाणारं माणूस भरत जातं, ही सुकत चालली होती. बावीस पडदे बघणाऱ्या ताईच्या नजरेला हे पडलं नाही, आणि मी तर नजरेचं कामच करत नाही.

मग लाँड्रीवाल्याने एक कोट परत पाठवला. गडद निळ्या कोटावर आईने काळ्या धाग्याने रफू केलं होतं. लाँड्रीवाला भला माणूस. चुकून झालं असेल, म्हणाला. आईने तो कोट मांडीवर घेतला, उजेडात धरला, सावलीत धरला, आणि बराच वेळ त्या जागेवरून अंगठा फिरवत राहिली. सव्वीस वर्षांत तिचा एक धागा चुकला नव्हता. वय झालं, बाबा म्हणाले. मी म्हणालो, साखर डोळ्यांत गेली.

त्यानंतर सुईत दोरा मी ओवून द्यायला लागलो आणि सिरिंजही मी भरायला लागलो, कारण तिला वरच्या रेषा दिसेनात. उठल्या उठल्या आई बाटली बाहेर काढून ठेवायची, गार औषध झोंबतं म्हणून. तिची आंघोळ होईपर्यंत बाटली कोमट व्हायची. मग मी ती दोन तळहातांत घोळवायचो. आतलं औषध दुधासारखं एकसारखं दिसलं पाहिजे, असं सिस्टरने सांगितलं होतं.

एका सकाळी आईने बाटली माझ्या हातातून घेतली, खिडकीकडे धरली आणि डोळे बारीक केले.

“यात कण दिसतात रे. का माझेच डोळे?”

मी बघितलं. कण होते. काचेला आतून पांढरी भुकटी चिकटल्यासारखी दिसत होती, आणि कितीही घोळवली तरी ती मिसळत नव्हती. मला स्वच्छ दिसली. माझे डोळे उत्तम आहेत.

“साखर असेल,” मी म्हणालो. “खाताना सांडली असशील.”

आई हसली. हे लपवण्यात अर्थ नाही, ती हसली. मग मी सव्वीस युनिट भरले, तिने पदर बाजूला करून पोटात टोचून घेतले, आणि मी दुकानात जाऊन तो विनोद तीन गिऱ्हाइकांना सांगितला. तिघांनाही आवडला.

नवा फ्रीज आल्यापासूनच्या आठव्या आठवड्यात, रविवारी दुपारी जेवणाआधी, ताईने प्रकरण निकालात काढायचं ठरवलं. आईने बोट टोचून साखर बघितली होती; तीनशे चाळीस. ताईने तारीखवार आकडे वाचून दाखवले. आवाज न चढवता, दुकानात पकडलेल्या बायकांशी बोलते तसं तिने आईला समजावलं की कबूल केल्यावर माणसाला हलकं वाटतं. बाबांनी वर्तमानपत्रामागून दुजोरा दिला. औषधात काही खोट नाही, ते म्हणाले, औषध एक नंबर ताजं आहे, ती जबाबदारी माझी. मी कागदावर ‘कबुलीजबाब’ अशा मथळ्याचं सुलेखन करण्यात गर्क होतो.

आईने आमच्या तिघांकडे आळीपाळीने बघितलं. गॅसवर काहीतरी लागायला आलं होतं.

“हो, खाल्ली,” ती म्हणाली. “रोज दोन चमचे. आता वाढू का?”

ताईने सुस्कारा सोडला. बाबांच्या चेहऱ्यावरचा ताण एवढा उतरला की त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मी कागद पुढे केला. आईच्या बोटावर टोचल्याचा थेंब अजून होता. मी तिचं ते बोट धरून कागदावर टेकवलं, सहीच्या जागी. सगळे हसले. कागद फ्रीजच्या दारावर चुंबकाने लावला. त्या दारामागे अर्ध्या हातावर बाटल्या उभ्या होत्या.

आरोपीने गुन्हा मान्य केल्याचं ताईने डॉक्टरीणबाईंना फोनवर कळवलं. बाईंनी सांगितलं, मग आता खाणं लिहून ठेवा आणि तीन आठवड्यांनी वही घेऊन या. त्यांना तरी काय बोल लावायचा. कबुली आल्यावर पुढे तपास कोण करतं.

ते तीन आठवडे आई अर्ध्या ताटावरून उठत होती. वहीत एकेक घास उतरवायची, शेवटी शेवटी अक्षरं ओळ सोडून चालायला लागली होती. आकडा काही हलला नाही. मी बाजारभाव जाहीर करत राहिलो. तेजी कायम.

अकराव्या आठवड्यात मी तिला दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंना यायला वेळ होता, म्हणून आधी सिस्टरने बोलावलं. सिस्टरने वही चाळली, आईच्या दंडाभोवतीची सैल कातडी बघितली आणि विचारलं, खरंच साखर खाता का हो तुम्ही? आईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नाही खात, ती म्हणाली, एकदाही नाही खाल्ली, घरच्यांचा जीव भांड्यात पडावा म्हणून हो म्हटलं होतं. किराणा काय आणायचा ते सांगावं इतक्या साध्या आवाजात ती हे बोलली.

यावर सिस्टरने आईला काही समजावलं नाही. ती एकेक विचारत गेली. मशीनच्या पट्ट्यांची मुदत संपलेली नाही ना? पोटावर एकाच जागी तर टोचत नाही? तिने पोट चाचपून बघितलं, गाठी नव्हत्या. मध्ये ताप, लघवीची जळजळ, दुखरा दात? दुसरं कुठलं औषध, गुडघ्यात घेतलेलं इंजेक्शन? डोस चुकतो का? मग म्हणाली, बाटली आणलीत ना, दाखवा.

तिने बाटली तळहातांत घोळवली. उजेडात धरली. पुन्हा घोळवली.

“ही कधी गोठली होती का?”

“आमच्याकडे सगळंच गोठतं,” मी अभिमानाने म्हणालो. “अगदी मधल्या कप्प्यातसुद्धा.”

सिस्टर माझ्याकडे बघत राहिली. विनोद केल्यावर समोरच्याच्या हसण्याची वाट बघायची मला सवय आहे. या वेळी मी विनोद केला नव्हता, तरी वाट बघत होतो.

तिने सांगितलं ते थोडक्यात असं. इन्सुलिन एकदा गोठलं की संपलं. वितळल्यावर पुन्हा औषधासारखं दिसेल, पण त्याचा भरवसा उरत नाही. जवळजवळ पाणी टोचून घेतल्यासारखं. दार रात्रभर बंद राहिलं की मागची भिंत शून्याखाली जात असणार, आणि सकाळी बाहेर काढल्यावर बर्फ विरघळत असणार, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. औषध लागू पडत नाही असं वाटलं की लोक आधी माणसाला धरतात, ती म्हणाली. आधी बाटलीला धरायचं. आणि आपल्या मनाने काही करत न बसता इथे फोन करायचा, तीन महिने थांबायचं नाही.

मग तिने सहज विचारावं तसं विचारलं, “हे कण कधीपासून दिसताहेत?”

मी पायांकडे बघितलं. माझ्या एका बुटाची नाडी सुटली होती.

“आजच दिसले बहुतेक,” आई म्हणाली.

आई खोटं बोलते, हे इतक्या दिवसांत पहिल्यांदा सिद्ध झालं, आणि त्याचा साक्षीदार मी एकटाच होतो.

डॉक्टरीणबाईंनी नव्या बाटल्या लिहून दिल्या आणि डोस एकदम खाली आणला. हा वाढीव डोस खऱ्या औषधाचा दिला असता तर साखर धाडकन पडून ही बेशुद्ध झाली असती, त्या म्हणाल्या. दिवसातून चार वेळा साखर बघा, रोज संध्याकाळी कळवा. आणि डोळे आजच दाखवा.

घरी आल्यावर मी बाबांना सांगितलं. त्यांनी मला मध्येच तोडलं नाही, हेच विचित्र होतं. ते उठले, दुकानातला तारेचा तापमापक आणला, त्याचं टोक मधल्या कप्प्यात मागच्या भिंतीला टेकवलं आणि दार लावून समोर उभे राहिले. दहा मिनिटांनी आकडा स्थिरावला. उणे दोन.

“किती दिवस?” त्यांनी विचारलं.

अकरा आठवडे, मी म्हणालो.

त्यांनी दार उघडलं आणि उघडंच ठेवलं. ज्या माणसाने आम्हाला लहानपणी दार उघडं टाकल्याबद्दल पट्टीने मारलं होतं, तो दार धरून उभा होता आणि थंडी त्याच्या पायांवरून बाहेर सांडत होती. मग ते खाली वाकले, पायाखालचा कागद ओढून काढला. फ्रीज कलला. बाबांनी चष्मा लावून एकेक घडी उलगडली. ते वाक्य पहिल्याच पानावर होतं, आणि औषध कंपनीने ते ठळक छापलं होतं: गोठू देऊ नये, गोठल्यास वापरू नये. त्यांनी ते एकदा मनात वाचलं आणि एकदा मोठ्याने, ताईला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

मग आम्ही तिघं आईसमोर उभे राहिलो. बाबा म्हणाले, चूक माझ्या फ्रीजची होती. ताई म्हणाली, मला सांगायचं होतंस की खाल्ली नाही म्हणून. आणि हे म्हणता म्हणता तिला आठवलं असावं की आईने ते दोन महिने रोज सांगितलं होतं, कारण ताईचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. मी म्हणालो, तू सुटलीस. विनोद म्हणून नाही. मला दुसरा शब्द सुचला नाही.

“बरं झालं,” आई म्हणाली. “आता ती डब्यावरची पावडर पुसा. हाताला लागते.”

नव्या बाटलीने पाच दिवसांत साखर पावणेदोनशेवर आणली, मग दीडशेवर. मी तो आकडा ग्रुपवर टाकला नाही. एका काकांनी विचारलं, बाजार बंद आहे का? मी ग्रुप सोडला. त्यांना वाटलं मी भाव खातो आहे.

बाबांनी दुकानाची सहा वर्षांची वही काढली आणि ज्याचा ज्याचा फ्रीज दुरुस्त केला होता त्याला फोन लावायला बसले. तुमच्याकडे कुणी इन्सुलिन घेतं का, एवढंच विचारायचे. बऱ्याच जणांना वाटलं, उणेअठराने आता औषधं विकायला काढली. एकाने घाऊक भाव विचारला. एका बाईंनी सुनावलं, आमच्याकडे कुणाला काही नाही, पण झालं तर तुम्हालाच कळवू. सात घरी इन्सुलिन निघालं. सातही घरी बाबा स्वतः गेले, खुंटी सातवरून तीनवर आणली, बाटल्या पुढच्या बाजूला घेतल्या, जुन्या टाकायला लावल्या. दोन घरी साखर कित्येक महिने उतरत नव्हती. त्यातल्या एका घरी आजोबांना साखरचोर म्हणत नव्हते, नुसतं मुंगी म्हणत होते. बाबा म्हणतात, मुंगी दारापर्यंत सोडायला आली आणि तिने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. त्यांनी हे आम्हाला जेवताना सांगितलं आणि मग बराच वेळ घास तसाच हातात धरून ठेवला.

दुकानात मधल्या कप्प्यातला ग्लास बंद झाला. त्याची जागा तापमापकाने घेतली. पावतीच्या पाठीवर मी आता एक ओळ लिहितो, औषध असेल तर कसं ठेवायचं त्याची. त्यात विनोद नाही. गिऱ्हाइकं ती वाचत नाहीत.

आईचा उजवा डोळा पाच-सहा आठवड्यांत निवळला. डाव्यात डाग राहिला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आत उजेड टाकून बघितलं. मागच्या पडद्यावरच्या नाजूक नळ्यांतून रक्त झिरपलं होतं. पुढे वाढू नये म्हणून त्यांनी लेसर केला. झालेलं मात्र पुसता येणार नाही, म्हणाले.

मी त्यांना विचारलं, हे जुनं किती आणि या अकरा आठवड्यांतलं किती? सांगता येत नाही, ते म्हणाले, बारा वर्षांचा आजार आहे, आधीपासूनही काही असेल. मी विचारलं, पण अंदाजे? निम्मं, पाव? डॉक्टर म्हणाले, असं मोजता येत नाही. मी तिसऱ्यांदा विचारायला लागलो तेव्हा आईने माझी बाही ओढली.

“डॉक्टरांना दुसरे पेशंट आहेत,” ती म्हणाली.

ती अजून काम करते. मान डावीकडे वळवून उजवा डोळा कापडावर आणते, पाखरू दाणा बघतं तशी. वेळ दुप्पट लागतो. फिकट कपडे ठेवून घेते. काळे आणि गडद निळे कोट लाँड्रीवाल्याकडे तसेच परत जातात. त्याने ते आता दुसऱ्या कुणाला तरी द्यायला सुरुवात केली आहे; त्या माणसाचं रफू हातभर अंतरावरून दिसतं. आई म्हणते, शिकेल हळूहळू. मागच्या आठवड्यात ती मला म्हणाली, “अरे, काहीतरी बोल की. तू गप्प असलास की घरात कुणी गेल्यासारखं वाटतं.” मी तोंड उघडलं. तोंडाशी आलेलं प्रत्येक वाक्य आधी उजेडात धरून बघावं लागतं आता, आणि तोवर ते शिळं होतं.

आज पुन्हा तपासणी आहे. आईच्या डोळ्यांत थेंब घालून तिला डोळे मिटून बसवलं आहे. बाकावर तिच्या शेजारी मी. समोर भिंतीला एक पेटी आहे, तिच्यावर ‘सूचना, तक्रारी व विनंत्या’ असं लिहिलंय, आणि दोरीला पेन बांधलंय. मी एक कागद घेऊन लिहिलं:

“माननीय अधीक्षकांस,

विषय: रुग्णाच्या डाव्या डोळ्यातील डागाच्या विभागणीबाबत.

महोदय, सदर डागापैकी बारा वर्षांच्या आजारामुळे झालेला भाग किती, अकरा आठवडे गोठलेल्या औषधामुळे झालेला किती, आणि औषधातले कण स्वतःच्या चांगल्या डोळ्यांनी बघूनही अर्जदार जे बोलला त्यानंतर झालेला किती, याची रीतसर मोजणी करून सही-शिक्क्यानिशी दाखला मिळावा. तिसरा भाग रुग्णाच्या डोळ्यातून कमी करून अर्जदाराच्या डाव्या डोळ्यात वर्ग करण्यात यावा. त्यास अर्जदाराची हरकत नाही. रुग्णाची हरकत असल्यास ती विचारात घेऊ नये. त्यांना कबुली आणि नकार दोन्ही दुसऱ्यांच्या सोयीने द्यायची सवय आहे. कार्यवाही शक्यतो आजच, थेंबांचा अंमल उतरण्यापूर्वी व्हावी, म्हणजे डोळे उघडल्यावर त्यांना फरक समजावून सांगावा लागणार नाही, ही विनंती.”